पातेल्यातला रोबोट

आडगाव, नाशिक
२२ मार्च २०२५

चैताली,

वर आधी ‘चि. चैतालीस अनेक आशीर्वाद’ असं लिहिलं होतं. मग वाटलं, पहिल्याच ओळीला तू कागद फाडशील. म्हणून दुसरा कागद घेतला. आता नुसतं चैताली.

तू मालेगावला नीट पोहोचलीस, जेवतेस, हे किशोरमामांनी फोनवर सांगितलं. माझा नंबर तू ब्लॉक केलायस हेही त्यांनीच सांगितलं. म्हणाले, “सुमनताई, थोडे दिवस जाऊ द्या. पोरीचं डोकं थंड होऊ द्या.” पत्र लिहू नका असं काही म्हणाले नाहीत, म्हणून लिहितेय. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, बरं का.

मी काय केलं ते एकदा सरळ लिहून काढते. तोंडाने सांगायला गेले की माझी गाडी भलत्याच रस्त्याला लागते.

बाबांनी दिवाळीत आणलेलं रोबोटचं किट तू कपाटावर ठेवलं होतंस. दहावी संपल्यावर जोडायचं असं तुमचं ठरलं होतं. दर वर्षी एक, असं हे नववं. डिसेंबरात ते गेले आणि खोकं तिथेच राहिलं. अभ्यासाला बसण्याआधी तू रोज एकदा वर बघायचीस, ते मला स्वयंपाकघरातून दिसायचं. मला वाटलं, पोरगी शेवटचा पेपर देऊन येईल तेव्हा निम्मं काम झालेलं असू दे.

आता माझं कामच काय? पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये दहा वर्षं द्राक्षाचे घड साफ करतेय. घड हातात घ्यायचा, कात्रीच्या टोकाने नको ते काढायचं, की पुढचा घड. इथेही खोक्यात प्लास्टिकच्या जाळीला लटकलेले तुकडेच दिसले. त्या जाळीला तुम्ही दोघं रनर म्हणता, ते मी मागाहून आठवलं. दोन तासांत मी सगळे तुकडे सोडवले, धुतले, पातेल्यात ठेवले आणि रिकाम्या जाळ्या घंटागाडीत टाकून आले. वर आणि खूश होते.

नंबर तुकड्यावर नसतो, जाळीवर असतो, हे मला कुठे ठाऊक! कोणता तुकडा कशाचा, हे सांगणारी एकच गोष्ट होती, ती मी कचऱ्यात घातली.

तू आलीस, पातेल्यात बघितलंस आणि म्हणालीस, “हे काय द्राक्षं आहेत का?” पुढे तू बोललीस, मी बोलले. ते इथे लिहीत नाही. मोठ्या माणसाच्या तोंडून एखादा शब्द जातो.

जाताना तू त्यातली चित्रांची पुस्तिका घेऊन गेलीस. ती पाठवशील का? मी तो रोबोट जोडणार आहे. पाठवली नाहीस तरी जोडणार आहे.

सुमन


६ एप्रिल २०२५

चैताली,

पुस्तिका आली नाही. नसू दे.

घंटागाडीवाल्याला विचारलं. तो हसला. म्हणाला, “ताई, तीन आठवड्यांपूर्वीचा कचरा? तो आता डेपोत डोंगराखाली असंल.” तरी विचारायला हवं होतं, म्हणून विचारलं.

परवा मी पातेलं पिशवीत घालून पॅकहाउसला नेलं. सकाळच्या गाडीत मांडीवर घेऊन बसले, तर कामावरची ज्योत्स्ना म्हणे, “काय गं, आज कोणाची पूजा?” जेवणाच्या सुट्टीत ग्रेडिंगच्या टेबलावर मी ते सगळं ओतलं. आधी मला वेड्यात काढलं सगळ्यांनी. मग वत्सलाबाईने चष्मा लावला. तिला तू ओळखतेस, आमच्या लग्नात तुला बळंच जिलेबी भरवली होती ती. तिने दोन तुकडे उचलले, उजेडाला धरले आणि म्हणाली, “हे बघ, हे जोडीचं हाय. एक उजवं, एक डावं. बैलाच्या शिंगावाणी.”

मग काय, डबे बाजूला राहिले. सहाजणी वाकल्या. युरोपला जाणारं द्राक्ष निवडणाऱ्या बायका आम्ही, एक मिलिमीटरचा फरक डोळ्यांनी सांगतो. जोडीचं जोडीला, गोल ते गोलाला, खाचेचं खाचेला. द्राक्षं भरायच्या पनेटच्या डब्या असतात ना, त्या बत्तीस डब्यांत सगळं लागलं. दोनशे चौदा तुकडे. सुपरवायझर ओरडत आला आणि तोही पाच मिनिटं बघत उभा राहिला. म्हणाला, “याचं डोकं कुठंय?” ते आम्हालाही सापडलं नव्हतं.

तुझे बाबा याच टेबलापाशी मला पहिल्यांदा भेटले. शीतगृहाचा कॉम्प्रेसर दुरुस्त करायला आले होते, आणि जाता जाता मला विचारलं, “बाई, हा घड हिरवा की पिवळा? मला दोन्ही सारखेच दिसतात.” मला वाटलं, माणूस लाइन मारतोय. खरंच दिसत नव्हतं त्यांना. हिरवा, तपकिरी, विटकरी, सगळा एकच गोंधळ. लग्नानंतर घरी आले तर त्यांच्या रंगांच्या बाटल्यांवर तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. हिरवा. मातकट हिरवा. हा तपकिरी आहे बाबा, फसू नका. तेव्हा तू बारा वर्षांची होतीस आणि चिठ्ठ्या त्याआधीच्या, तुझी मम्मी गेली त्या वर्षीच्या. ‘तपकिरी’तला त अजून पाय ओढत चालतो.

त्या चिठ्ठ्या मी काढलेल्या नाहीत. एवढं तरी माझ्या बाजूने धर.

सुमन


२७ एप्रिल २०२५

चैताली,

सीझन संपला. पॅकहाउस बंद झालं, आता दिवसभर घरीच आहे. तुमच्या टेबलावर डब्या मांडल्यात आणि बसतेय.

दोन तुकडे बरोबर बसले की खट् असा आवाज होतो. रविवारी तुमच्या दोघांच्या पाठी बघत मी भाकरी थापायचे तेव्हा हा आवाज यायचा, आणि लगेच तुमचं हसणं. तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता तोच आवाज यावा म्हणून मी तासन्‌तास तुकडे फिरवत बसते.

एक पाऊल झालं. मग दुसरं झालं, ते आठ दिवसांनी. डाव्या गुडघ्यात मी भलताच तुकडा दाबून बसवला आणि काढायला गेले तर आतली खुंटी मोडली. फेविक्विकने चिकटवली. आता तो गुडघा वाकत नाही. तुला राग येईल, पण लपवून काय करू? उभा राहील, बसणार मात्र नाही.

पेठहून आई आली आहे. तुझ्या भाषेत कुसाआजी. तिने टेबल बघितलं, मला बघितलं आणि म्हणाली, “पोरीला काय बोललीस तू?” मी म्हटलं, काही नाही. तर म्हणे, “काय नाय बोललीस तर पोर घर सोडून कशी गेली? प्लास्टिकपायी कोणी घर सोडत नाय.”

आईपुढे मी आजवर कधी टिकले नाही. तिला सांगितलं. आता तुलाही लिहिते, जरी तुला ते पाठच असेल. तू पातेलं हातात घेऊन रडत होतीस, आणि मी म्हणाले, “खेळण्यासाठी एवढं रडतेस. बाप गेला तेव्हा तुझ्या डोळ्यात टिपूस नव्हतं.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. एखादा शब्द जातो असं पहिल्या पत्रात लिहिलं ते खोटं. गेला नव्हता, मी सोडला होता. तीन महिने साठवलेला होता. ते गेले त्या दिवसापासून तू रडली नाहीस, गणितं सोडवत बसलीस, आणि मी मात्र आल्यागेल्यापुढे धाय मोकलून रडत होते, तेव्हा मला वाटायचं की दुःख फक्त मलाच आहे. तुझं सगळं रडं त्या खोक्यात राखून ठेवलेलं होतं, ते मी कात्रीने उघडलं. हे मला त्या क्षणी कळलं, शब्द तोंडाबाहेर पडल्या पडल्या. पण तू दारातून बाहेर गेली होतीस.

आई म्हणाली, “माफी माग.” मागते. पण माफी मागणं सोपं आहे, चैताली. मला माझं ते वाक्य परत पाहिजे, आणि ते मिळत नाही.

सुमन


१४ मे २०२५

चैताली,

अठ्ठ्याऐंशी पूर्णांक चाळीस! अभिनंदन. गणितात सत्त्याण्णव!

काल एक वाजता निकाल मोबाईलवर मीच बघितला. तुझ्या हॉलतिकिटाची झेरॉक्स ड्रॉवरमध्ये होती. बैठक क्रमांक टाकला, खाली आईचं नाव विचारलं. घाईत माझ्या बोटांनी सुमन लिहिलं. अशी नोंद नाही म्हणून आलं. क्षणभर खरंच वाटलं की तू नापास झालीस. मग लक्षात आलं आणि रंजना लिहिलं. लगेच उघडलं.

हे मी तुला रडगाणं म्हणून सांगत नाही. तुझ्या आईचं नाव तिथे असलंच पाहिजे. फक्त झालं तसं सांगितलं.

गल्लीत पेढे वाटले. “पोरगी कुठंय?” म्हणून विचारतात. मामाकडे, सुट्टीला, असं सांगते. सुट्टी किती दिवस पुरेल ते बघू.

किशोरमामांचा फोन आला होता. अकरावीला तुला तिथेच घालायचं ठरलंय म्हणाले, शाळा सोडल्याचा दाखला घेऊन ठेवा. मी शाळेत जाऊन येईन. पण निकालानंतर तिथे गर्दी असते, वेळ लागेल. तू काळजी करू नकोस.

रोबोटला मांड्या आल्या, कंबर आली. डोकं सापडलं! इतके दिवस ज्याला आम्ही टाचेचा भाग समजत होतो तेच ते.

सुमन


९ जून २०२५

चैताली,

दाखला अजून झालेला नाही. शाळेतल्या क्लार्कबाई रजेवर आहेत, त्यांच्याशिवाय सही होत नाही. काल किशोरमामा स्वतः आले होते. आवाज चढवला नाही, चहाही घेतला, पण निघताना म्हणाले, “ताई, हमीपत्रावर प्रवेश धरलाय. पाच जुलैपर्यंत मूळ दाखला दिला नाही तर जागा जाईल. वर्ष फुकट जाईल पोरीचं.” मी म्हटलं, मला कळतं.

तू येशील त्यांच्याबरोबर, असं मला वाटलं होतं. मी भरली वांगी केली होती. मामांनीच खाल्ली.

रोबोट उभा झाला, संपूर्ण. दोनशे चौदातले अकरा तुकडे उरलेत, ते कुठे लागतात देव जाणे. मान जरा खाली झुकलेली आहे, एक खांदा वर आहे. दिवसभर ओझं उचलून आलेला हमाल वाटतो. पण उभा आहे.

आता रंग. बाबा गच्चीवर जुन्या चादरीचा आडोसा करायचे तसा केला. आधी राखाडी अस्तर मारायचं हे मला बघून माहीत होतं. पण ते किती लांबून मारतात ते माहीत नव्हतं. पहिल्याच फवाऱ्याला ओघळ आले, पायावरून मेण उतरावं तसे. पुसलं, घासलं, पुन्हा मारलं. दुसऱ्या दिवशी हवा दमट होती तर सगळं पांढरट पडलं. पुन्हा घासलं. तुम्ही दोघं हे काम गप्पा मारत करायचा. मला वाटायचं, खेळ चाललाय.

मग मी शहाणी झाले. आइस्क्रीमचे प्लास्टिकचे चमचे आणले आणि रंग आधी त्यांच्यावर मारून बघते. चमचा बिघडला तरी कोणी घर सोडून जात नाही.

तू एक ओळ लिहिलीस तरी चालेल. शिवी लिहिलीस तरी चालेल.

सुमन


२५ जून २०२५

चैताली,

पुस्तिका मिळाली.

पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा वर तुझं अक्षर बघून मी पायरीवरच बसले. आत पत्र नव्हतं, नुसती पुस्तिका. मी ती झटकून बघितली, पाकीट फाडून आतून बघितलं. मग पान पान बघत गेले.

आता मला एक सांगायचंय, आणि ते सांगण्याआधी मी दोन दिवस घेतलेत. ही पुस्तिका मी पहिल्यांदा बघत नव्हते. त्या दिवशी, कात्री हातात घेण्याआधी, मी तिची पहिली सात-आठ पानं चाळली होती. बाबांनी पेन्सिलने प्रत्येक चित्रापाशी खूण केली होती. इथे ‘चै’, तिथे ‘न’. चैतालीने काय जोडायचं, नवनाथने, म्हणजे त्यांनी स्वतः, काय जोडायचं. डोकं चै. पाय न. छाती चै. मी ‘सु’ शोधत होते. चार वर्षं या घरात मी भाकरी केली, तुझे डबे भरले, तापात तुझ्या डोक्यावर पट्ट्या ठेवल्या, आणि त्या माणसाच्या पेन्सिलीला माझं एक अक्षर सापडलं नाही. मी पुस्तिका मिटली आणि कात्री घेतली.

मदत म्हणून कापलं, असं मी तुला लिहिलं, आईला सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. त्या टेबलाला दोनच खुर्च्या होत्या. एक रिकामी झाली तर मला तिथे बसायचं होतं. बोलावलं नाही कोणी, तर कापून का होईना, पण माझा हात त्या कामाला लागायला हवा होता. घ्या, हात दाखवून अवलक्षण.

आणि आता शेवटचं पान. रंगांचं. तिथपर्यंत मी त्या दिवशी पोहोचलेच नव्हते. तिथे बाबांची पेन्सिल: ‘रंग – सुमनला विचारू. तिच्यासारखा डोळा कोणाचा नाही.’

खाली निळ्या पेनाने तुझं अक्षर: ‘अगं, हे मी दिवाळीतच वाचलं होतं. तुला दाखवलं नाही. रंग मी सांगायचे ना त्यांना.’

मी ते किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. तू मला कधी आई म्हणाली नाहीस, मावशी म्हणाली नाहीस, सुमनही म्हणाली नाहीस. भाजीत मीठ कमी असलं तरी ‘अगं’, दार उघडायचं असलं तरी ‘अगं’. मला त्याचं वाईट वाटायचं. आणि परवा त्या पानावर पहिलाच शब्द ‘अगं’ दिसला आणि मला हुंदका आवरेना. शेजारच्या सनीची आई धावत आली, म्हणे काय झालं, कोण गेलं? मी म्हटलं, कोणी गेलं नाही, पोरीचं पत्र आलंय.

तुझं काही चुकलं नाही. नऊ वर्षं जे काम तुझं होतं ते मला देऊन टाकलं त्यांनी, तुला न विचारता. मीही पान दडवलं असतं. मी तर अख्खं किट कापलं. त्या भल्या माणसाला वाटलं असेल, दोघींना एका टेबलावर आणू, आणि आपण दोघी कशा, तर एकीने पान लपवलं आणि दुसरीने शेवटपर्यंत वाचलंच नाही. ते असते तर हसले असते. मला हसू येत नाही.

तू खरं लिहिलंस, आता मीही लिहिते. दाखला झालेला आहे. सव्वीस मेलाच झाला. क्लार्कबाई कुठेही रजेवर गेलेल्या नाहीत, त्यांनी पंधरा मिनिटांत हातात दिला, वर तुझं कौतुकही केलं. तेव्हापासून तो माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. किशोरमामा समोर चहा पीत होते तेव्हाही तो तिथेच होता, दहा पावलांवर.

मला वाटत होतं, दाखला गेला की तू गेलीस. तुझं माझं रक्ताचं काही नाही. तुझ्या बाबांमुळे नातं होतं, ते गेले. एक कागद तेवढा माझ्या सहीशिवाय निघत नव्हता, म्हणून तो मी धरून बसले. तुझं वर्ष बुडालं असतं. तेही मनात येऊन गेलं, चैताली, की बुडालं तर बुडालं, घरी तरी येईल. एवढी वाईट मी आहे, हे मला या वर्षी कळलं.

सुमन


१ जुलै २०२५

चैताली,

हे पत्र खोक्यात सगळ्यात वर ठेवतेय, म्हणजे आधी वाचशील. उद्या सकाळी कुरिअरला देते, तीन तारखेला मिळेल. दोन दिवस हातात राहतील.

पुस्तिका समोर ठेवून हा आठवडा मी जोडलेलं उघडत बसले होते. बाबांनी जिथे ‘चै’ लिहिलंय ते सगळं मी सोडवलं. डोकं, छाती, दोन्ही हात. जोडताना जेवढा जीव गेला नव्हता तेवढा उघडताना गेला. खुंट्या मोडू नयेत म्हणून प्रत्येक तुकडा कोमट पाण्यात धरून हलकेच काढायचा, हे मी स्वतःच शिकले. पुस्तिकेतल्या चित्रांशी एकेक तुकडा ताडून पाहिला आणि त्याचा नंबर चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी त्याच्या डबीत घातली. जाळ्या मी परत आणू शकत नाही. नंबर मात्र आणलेत, सगळेच्या सगळे. उरलेले अकरा तुकडेही लागले. म्हणून तर तो हमालासारखा दिसत होता बिचारा.

‘न’ लिहिलेलं मी तसंच ठेवलंय, म्हणजे पाय आणि कंबर. ते काम त्यांचं होतं, त्यांच्या बदली मी केलं. एवढं मला करू दे. डावा गुडघा वाकत नाही हे सांगितलंच आहे. कंबरेपर्यंत तो आपल्या पायांवर उभा राहतो. मी टेबलावर उभा करून पाहिला.

राखाडी अस्तर सगळ्या भागांना मारलंय, तुझ्या सुट्या भागांनासुद्धा. आता ओघळ येत नाहीत मला. त्याच्यावर कोणताही रंग बसतो.

रंग मी ठरवलेला नाही. बाबांनी मला विचारायला सांगितलं होतं, ठरवायला नाही. म्हणून सहा चमच्यांवर सहा रंग करून ठेवलेत, मागे नंबर आहेत. त्यातला कोणता, ते तूच सांगायचंस, नेहमीसारखं. त्यांच्या बाटल्याही पाठवतेय, तुझ्या चिठ्ठ्यांसकट. मला विचारलंस तर तीन नंबरचा चमचा. कच्च्या द्राक्षाचा हिरवा आहे तो, बाबांना कधीच न दिसलेला. पण विचारलंस तर.

मी इथेच आहे. टेबल हलवलेलं नाही, दोन्ही खुर्च्या आहेत. आई म्हणते, आता पेठला चल माझ्यासोबत, एकटी काय करशील? मी म्हटलं, सीझन सुरू झाला की मला पॅकहाउस आहे. तिला पटलं नाही. मलाही फारसं पटलेलं नाही. दिवाळीत यावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तर येऊ नकोस. आजवर मी तुला धरून ठेवण्यासाठी जे जे केलं त्याने तू लांबच गेलीस, म्हणून आता काही करत नाही. फक्त पत्र आलं तर वाचीन.

घरात काल फार शांत होतं. मी मुद्दाम दोन उरलेले चमचे एकमेकांवर आपटून बघितले. तो खट् आवाज येत नाही.

दाखला खोक्याच्या तळाशी आहे, पुस्तिकेखाली, प्लास्टिकच्या पिशवीत. डब्या काढताना तो आधी बाजूला काढ, रंग लागू देऊ नकोस. पाच तारखेच्या आत कॉलेजात दे, झेरॉक्स काढून ठेव. तुझं नाव, जन्मतारीख, आईचं नाव रंजना, सगळं मी दोनदा वाचून तपासलंय. बरोबर आहे.

सुमन